बाटलीतली रेघ

नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरला माझं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पंचवीसेक वर्षं हात काळे करतोय. घरची थोडी शेती, तीत कांदा आणि मका. पेट्रोलमधल्या इथेनॉलचे सरकारी नियम मी फार उशिरा वाचले. त्याआधी इथेनॉल कार्बोरेटरातून हातावर आलं होतं.

१. कार्बोरेटर खोलण्याआधी बाटली हलवा.
हा धडा मला गिऱ्हाइकाचे पैसे परत करून मिळाला. ऐन पावसाळ्यात एकाची जुनी गाडी चालू होईना. मी कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, मजुरी घेतली. चौथ्या दिवशी गडी गाडी ढकलत दारात. टाकीतलं तळचं पेट्रोल बाटलीत काढलं, तर खाली गढूळ थर वेगळाच दिसत होता. झाकणाचं रबर फाटलं होतं आणि पावसाचं पाणी आत झिरपलं होतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की पेट्रोलची साथ सोडून त्याच्याबरोबर तळाला जाऊन बसतं. इंजिनला जाणारी नळी तळाचीच.
आता दुकानात खुणांची काचेची नळी ठेवलीय. शंभर मिली पेट्रोल, दहा मिली पाणी, बूच लावून हलवायचं आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. नुसतं पेट्रोल असेल तर पाण्याची रेघ दहावर राहते. वीस टक्के मिश्रणात ती तिशीच्या आसपास चढते. गिऱ्हाईक स्वतः रेघ बघतं, मग पंपवाल्यालाही शिव्या पडत नाहीत आणि मलाही.

२. ॲव्हरेज घटलं म्हणणाऱ्याला खोटं ठरवू नका.
एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ताकद असते. कागदावरच्या हिशोबानं वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के कमी भरतात. साठ देणारी गाडी छप्पन्न देते. तीस म्हणाला, तर मात्र टायरमधली हवा आणि एअर फिल्टर बघा.

३. ही नवी टूम नाही.
२००१ मध्ये इथेनॉल मिसळायचे पहिले प्रयोग झाले, त्यात मिरजेबरोबर आपलं मनमाड होतं. दाराशी प्रयोग चाललेला आणि आम्हाला पत्ताच नाही! २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के ठरले, २०२२ मध्ये दहा गाठले. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणलं. गाड्या मात्र अलीकडे ओढता येत नाहीत. २०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांचे पाइप आणि रबर या मिश्रणासाठी बनवलेले. माझ्या दारात येणारी निम्मी गिऱ्हाइकं बापाच्या गाडीवर येतात.

४. वरचा हुकूम उसाला आणि कांद्याला सारखाच लागतो.
७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. त्याच सुमारास, ८ डिसेंबरपासून, कांद्याची निर्यात बंद. आमच्याकडे लिलाव थांबले, आणि कारखानदारांनी इथेनॉलसाठी उभारलेल्या यंत्रांची तीच गत. पुढे आठवडाभरात सतरा लाख टन साखरेपुरती ढील मिळाली. साखर महागू नये हे मला समजतं. पण ज्यानं कर्ज काढून टाक्या उभारल्या त्याला आठवडाभराचीही आगाऊ सूचना नसावी?

५. दरपत्रकात धूर दिसत नाही.
२०२४-२५ च्या दरात मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे, उसाच्या रसाच्याला ६५ रुपये ६१ पैसे. मका महागेल म्हणून आम्ही खूश. दर ठरतो कच्च्या मालावरून. तो माल पिकवताना किती पाणी उपसलं, बॉयलरात काय जाळलं, याची नोंद त्यात नाही. कॅलिफोर्नियात २००९ साली मंजूर झालेला नियम इंधनाला त्याच्या कार्बनवरून गुण देतो: शेतापासून सायलेन्सरपर्यंतचा धूर मोजायचा, कमी असेल त्याला फायदा. आपल्याकडे टक्के मोजले जातात. माझ्या मते आपलं घोडं इथेच अडलंय. ठिबकवरचा ऊस आणि पाटाचं पाणी बेसुमार सोडलेला ऊस इथेनॉलच्या वहीत एकाच ओळीत बसतात.

६. दारू आणि इंधन भावकीतलीच.
आमच्याकडे वाइन पार्क आहे, म्हणून राज्य उत्पादन शुल्क खातं विंचूरकराला नवं नाही. इथेनॉल म्हणजे मद्यार्कच. औद्योगिक मद्यार्कावर केंद्राची सत्ता की राज्याची, हा वाद २३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढे निकाली निघाला, आणि कौल राज्यांच्या बाजूनं गेला. आता हा अधिकार महाराष्ट्रानं नुसता कर गोळा करण्यात घालवू नये. पंपावर मिश्रणाचं प्रमाण मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहायला लावावं आणि जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचा एक तरी नळ ठेवावा म्हणून केंद्राकडे हट्ट धरावा.

तोवर तुम्ही एवढं करा: मृगाच्या आधी टाकीच्या झाकणाचं रबर बदलून घ्या.