डिस्कवर नाव लिहिताना डेटा जाऊ नये म्हणून काय कराल?



मागच्या भागात आपण बॅकअप कधी आणि कसा घ्यायचा ते बघितलं. आज त्यातलाच एक छोटा, पण महागात पडणारा भाग : बर्न केलेल्या डिस्कवर नाव कसं लिहायचं.

आधी माझीच चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीला मी सगळ्या बिलांच्या सीडी बनवल्या आणि वर छापील गोल स्टिकर लावले. कपाट एकदम झकास दिसायचं. तीन पावसाळे गेले आणि एका ग्राहकाचं जुनं बिल लागलं. सीडी काढली तर स्टिकरची कड उचललेली, ड्राइव्ह नुसता घरघरतोय. मी स्टिकर ओढला. त्याच्याबरोबर चंदेरी थरही निघून आला! त्या वर्षाची बिलं तिथेच संपली.

असं का झालं?

सीडी 1.2 मिलिमीटर जाड असते. आपल्याला वाटतं, खालची चकचकीत बाजू नाजूक. खरं तर उलटं आहे. खालून प्लास्टिकचा जाड थर असतो. डेटा असतो तो वर, नावाच्या बाजूला. त्यावर चंदेरी थर आणि लाखेसारखा एक पातळ लेप, बस्स. म्हणजे नाव लिहिताना आपण जवळजवळ डेटावरच लिहीत असतो.

डीव्हीडीत 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि डेटा मध्ये असतो, म्हणून ती वरून जरा सुरक्षित. पण स्टिकर तिलाही नको. तो किंचित जरी एका बाजूला सरकला तरी फिरताना तोल जातो. शिवाय दमट हवेत कागद फुगतो, सुकला की आक्रसतो.

मग करायचं काय?

1. पेन : पाण्याच्या शाईचा, मऊ टोकाचा मार्कर घ्या. स्टेशनरीच्या दुकानात 'सीडी मार्कर' मागा आणि वर काय लिहिलंय ते वाचा. उग्र वासाचे, झायलीन किंवा टोल्युइन असलेले मार्कर टाळा; ते लेपाला इजा करू शकतात. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या 2003 च्या मार्गदर्शिकेतही पाण्याच्या शाईचीच शिफारस आहे. बॉलपेन, पेन्सिल अजिबात नको. टोकाचा दाब आत पोचतो.

2. जागा : मधल्या भोकाभोवती पारदर्शक कडं असतं. तिथे डेटा नसतो. तिथेच लिहा.

3. मजकूर : थोडक्यात. उदाहरणार्थ 'बिल-07-अ'. बाकी तपशील, म्हणजे कोणते महिने, कधी बर्न केली, कोणत्या कपाटात आहे, एका वहीत. पासवर्ड डिस्कवर कधीच नाही.

4. क्रम : आधी लिहा, शाई पूर्ण वाळू द्या, मग बर्न करा आणि शेवटी 'व्हेरिफाय' करा. लिहिताना ओरखडा पडला असेल तर तो आत्ताच कळेल, पाच वर्षांनी नाही.

5. ठेवणं : प्रत्येक डिस्क स्वतःच्या डबीत, पुस्तकासारखी उभी. ऊन, ओल आणि उष्णता यांपासून लांब. धरताना कडेला किंवा मधल्या भोकात बोट घालून धरा.

छापील नाव हवंच असेल तर इंकजेटवर थेट छापता येणाऱ्या 'प्रिंटेबल' डिस्क घ्या. जुन्या डिस्कवर आधीच स्टिकर असेल, तर कृपा करून काढू नका! चालतेय तोवर कॉपी करून घ्या.

आता म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. म्हणजे सहा वर्षं. माझा स्टिकर तीन पावसाळेही टिकला नाही.

आजचा गृहपाठ : कपाटातली सगळ्यात जुनी डिस्क काढा, लावून बघा. उघडली तर आजच दुसरी प्रत बनवा आणि ती दुकानात नाही, घरी ठेवा. एका डिस्कच्या भरवशावर धंदा सोडायचा नाही.

भेटू पुढच्या भागात!