तापतो तो जॉइंट

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत वायरमनकी करण्यात माझी हयात गेली. एकीकडे मोरजी, मांद्रे, हरमलची खारी हवा, दुसरीकडे मये, नार्वे, साखळीकडची जुनी मातीच्या भिंतींची घरं. काम कुठंही असो, जूलचा नियम बरोबर असायचाच : तारेत निर्माण होणारी उष्णता म्हणजे धारेचा वर्ग, गुणिले रोध, गुणिले वेळ. इंग्लंडच्या जेम्स जूलनं हे १८४१ साली मांडलं. आपली मुलं ते दहावीत पाठ करतात आणि परीक्षा झाली की सोडून देतात. खरं तर घर बांधताना आणि घरात नवं यंत्र आणताना त्याची गरज पडते.

१. सूत्रातला ‘वर्ग’ विसरू नका.

धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते, तिप्पट झाली की नऊपट. किनाऱ्यावर घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायला लागल्यापासून हे मी फार जवळून पाहिलं. ज्या खोलीत एक दिवा नि एक पंखा होता, तिथं आता किटली, इस्त्री, फ्रीज आणि एसी. भिंतीतली वायर मात्र तीच, दीड स्क्वेअरची. अशा तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण ०.०१२ ओहम. बोर्डापासून खोली वीस मीटरवर असेल तर फेज आणि न्यूट्रल मिळून चाळीस मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा ओहम. ५ अँपिअर वाहिले तर वायरीत १२ वॉट उष्णता, १५ अँपिअर वाहिले तर १०८ वॉट. ही उष्णता भिंतीतल्या बंद पाइपात कोंडून राहते. साध्या पीव्हीसी आवरणाची सहनशक्ती ७० अंश सेल्सिअसपर्यंत. त्यापुढे ते आधी मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एसीसाठी आणि गिझरसाठी बोर्डापासून स्वतंत्र चार स्क्वेअरची वायर ओढा. टाइल्स बसवायला लाखो रुपये घालणारा माणूस वायरीत काटकसर करतो, हे मला कधीच पटलेलं नाही.

२. वायरीपेक्षा जॉइंट आधी जळतो.

माझ्या सगळ्या कामाचं सार यातच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. वायरीतली उष्णता निदान लांबीभर पसरते. सैल स्क्रूखाली ती एका बिंदूत साठते. टर्मिनलवर अवघा ०.१ ओहम जास्तीचा रोध आला असं धरा. दोन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, तेव्हा त्या बिंदूवर साडेसात वॉट उष्णता तयार होते. तीन किलोवॉटच्या इन्स्टंट गिझरला १३ अँपिअर लागतात, तिथं सतरा वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या लहान सोल्डरिंग आयर्नची ताकद जवळपास एवढीच असते, आणि इथं ती प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये बसलेली असते.

एवढ्यावर हे थांबत नाही. तापलेल्या तांब्यावर काळा थर चढतो, थरामुळं रोध वाढतो, वाढलेल्या रोधानं ते आणखी तापतं. किनाऱ्यावर त्यात खाऱ्या हवेची भर. मांद्र्यात उघडलेल्या बोर्डांत तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर आणि गंजलेले स्क्रू हे नेहमीचं दृश्य. जुन्या घरांत अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याला नुसती पिळून जोडलेली सापडते. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेनं तांब्यापेक्षा जास्त फुगतं, थंड झाल्यावर आवळतं, आणि रोजच्या या फुगण्या-आवळण्यानं जॉइंट ढिला होत जातो. जोड द्यायचाच तर योग्य लग किंवा कनेक्टर वापरून द्या. चवथीच्या आधी घराला रंग काढता, तेव्हा मेन बंद करून सगळ्या बोर्डांचे स्क्रू जाणत्या वायरमनकडून आवळून घ्या. चवथीत माटोळीभोवती माळा लागतात, पाहुणे येतात, आणि वर्षातला सर्वांत मोठा लोड त्याच दिवसांत पडतो.

३. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

एमसीबीच्या आत दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. लोड जास्त झाला की ती तापून वाकते आणि स्वीच पाडते. म्हणजे तीही धारेच्या उष्णतेवरच चालते. शॉर्ट झाला तर आतली चुंबकाची कॉइल क्षणात काम करते. पण सैल जॉइंटमुळं धारा वाढत नाही, झालीच तर किंचित कमी होते. मग एमसीबीला काही कळायचं कारणच उरत नाही. ईएलसीबी फक्त गळणारी धारा ओळखते, तिलाही हे दिसत नाही. तिथं कामाला येतात नाक आणि हात. प्लग काढल्यावर त्याची पिन चटका देत असेल, सॉकेट तपकिरी पडला असेल, तर तो त्याच दिवशी बदला. तापलेल्या बोर्डाला पुष्कळदा मासळीसारखा वास येतो. आपल्याकडं असा वास कुणी मनावर घेत नाही, स्वयंपाकघराचाच समजतात. चूल बंद असताना तो आला तर आधी मेन स्वीच पाडा. आगीनंतर सगळे ‘शॉर्ट सर्किट’ म्हणतात. माझ्या पाहण्यात मात्र सुरुवात बहुतेक वेळा तापलेल्या जॉइंटपासून झालेली असते.

४. फ्यूजमध्ये जाड तार घालू नका.

फ्यूज वितळण्यासाठीच असतो. तो टिकवलात तर त्याच्या जागी भिंतीतली वायर वितळेल.

५. व्होल्टेज पडलं की गिझर आणि पंप उलट वागतात.

संध्याकाळी वाडीच्या टोकाला १८० व्होल्ट येतात, तेव्हा दोन किलोवॉटचा गिझर जेमतेम सव्वाबाराशे वॉटवर चालतो, कारण त्याची शक्ती व्होल्टेजच्या वर्गानं घटते. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट लागतं. एरवी सोळा मिनिटांत होणाऱ्या या कामाला मग पंचवीस मिनिटं जातात. गिझर बिघडलेला नसतो, त्याला धोकाही नसतो. डिचोलीकडच्या कुळागरातला पंप मात्र तेवढंच पाणी चढवण्यासाठी जास्त धारा ओढतो, वाइंडिंग तापतं, वार्निश करपतं आणि मोटर जाते. पंपाला ओव्हरलोड रिले बसवलाच पाहिजे.

६. ट्रान्सफॉर्मर घराजवळ असणं फायद्याचं.

गोव्यात मोठा वीजप्रकल्प नाही. आपल्या वाट्याची वीज छत्तीसगडच्या कोरब्यासारख्या हजार किलोमीटरहून लांबच्या केंद्रांतून येते. एवढ्या वाटेत ती उष्णता होऊन संपत नाही, कारण ती लाखो व्होल्टवर वाहून आणतात. व्होल्टेज दहापट केलं की तेवढ्याच शक्तीला धारा दहावा हिस्सा लागते आणि तारेतली उष्णता शंभरावा हिस्सा होते. थिवीच्या उपकेंद्रातून पुढं ३३ आणि ११ हजार व्होल्टच्या लाइनी गावागावांत जातात. ट्रान्सफॉर्मरपासून घरापर्यंतच्या कमी व्होल्टेजच्या लाइनीत मात्र धारा मोठी असते, आणि ती लाइन जितकी लांब तितकं नुकसान जास्त. म्हणून वाडीत नवा ट्रान्सफॉर्मर बसवायची गोष्ट निघाली की जागेवरून भांडत बसू नका. दोन पावलं जमीन दिलीत तर साऱ्या वाडीचे पंप वाचतील.

एसी किंवा गिझर विकत घेण्याआधी वायरमनला घरी बोलवा, मीटरपासून सॉकेटपर्यंतची वायर दाखवा आणि वीज खात्याकडं मंजूर लोड वाढवायचा अर्ज आधी करा.