आपल्या मजकुराची किल्ली कोणाकडे आहे?

१९९० ते २०१० या काळात संगणकावर मराठीत टाइप झालेला मजकूर ज्यांच्याकडे सीडीवर, जुन्या हार्ड डिस्कवर किंवा कपाटातल्या फ्लॉपीवर पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्यात लेखक आले, सहकारी संस्थांचे सचिव आले, वाचनालयं, शाळा, मंडळं आली आणि आम्ही छापखानेवालेही आलो. सांगलीत आमचा छापखाना वडिलांच्या वेळेपासून आहे. खिळे गेले, ऑफसेट आलं, मग डीटीपी आलं. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, नाट्यमहोत्सवांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि गावोगावच्या शिक्षकांनी पदरमोड करून काढलेली पुस्तकं, हे आमचं रोजचं काम.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकरांना नव्याने सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. तिच्याही वर, माळ्यावर, आम्ही संगणक चढवून ठेवले होते. पाणी माळ्यावरही चढलं. सगळ्या कामांच्या सीड्या मात्र वरच्या मजल्यावर घरात होत्या, कोरड्या ठणठणीत. गाळ उपसताना तेवढाच एक धीर होता. यंत्रं परत घेता येतील, मजकूर तर वाचला.

नवा संगणक आणला, सीडी घातली, फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरं, डोक्यावर टिंबं असलेली युरोपातली अक्षरं, मधेच पौंडाची खूण, मधेच टक्का. मराठी म्हणून एक अक्षर नाही. आमचं मराठीचं पॅकेज हार्डवेअर लॉकवर चालायचं. काडेपेटीएवढी एक डबी, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचलेली. ती जागेवर असेल तरच पॅकेज सुरू होणार, तरच त्याचे फॉन्ट दिसणार. ती डबी संगणकासकट पाण्यात गेली होती.

कंपनीला फोन लावला. बोलणारा मुलगा सभ्य होता. म्हणाला, "सर, ते व्हर्जन बंद झालंय. त्याचं लॉक आता मिळत नाही. नवीन पॅकेज घ्यावं लागेल."

"नव्यात जुन्या फाइली उघडतील?"

"सगळ्याच उघडतील असं नाही सांगता येणार, सर."

पॅकेज रोख पैसे मोजून घेतलेलं, बिल आमच्याकडे. मजकूर आमच्या गिऱ्हाइकांचा, टाइप केलेला आमच्या ऑपरेटरने. तरी तो उघडायचा की नाही, हे ठरवणार तिसराच कोणी. आणि ही कंपनी काही परदेशातली नव्हती. आपल्याच देशातली, मराठीच्याच बळावर मोठी झालेली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या सगळ्या म्हणण्याचा रोख तिथेच आहे.

हे असं का होतं, ते समजून घेतलं पाहिजे. त्या काळच्या फॉन्टमध्ये एकूण २५६ घरं असत आणि संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची असत. मराठीचं पॅकेज करणाऱ्यांनी त्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. अर्धा क एका घरात, काना दुसऱ्या, वेलांटी तिसऱ्या, रफार चौथ्या. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनीने आपापल्यापुरतं ठरवलं आणि बहुतेकांनी ते स्वतःपाशीच ठेवलं. त्यामुळे फाइलमध्ये 'क' नावाचं अक्षर नसतंच. असतात ते रोमन खुणांचे क्रमांक, आणि त्या खुणांना मराठी रूप देणारा फॉन्ट कंपनीच्या ताब्यात. त्या दिवसांत मराठी पडद्यावर आणणं अवघड काम होतं. ते ज्यांनी केलं त्यांना मोबदला मिळायलाच हवा होता, आणि आम्ही तो आनंदाने दिला. माझी तक्रार किमतीबद्दल कधीच नव्हती. मांडणी झाकून ठेवली, ही तक्रार आहे.

शिवाय सगळ्यांना सारखी अशी मांडणी देशात नव्हती असंही नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय लिप्यांसाठीचं मानक जाहीर केलं. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरच बेतलेली होती. म्हणजे पाया आपल्याच लोकांनी घातलेला. छपाईच्या बाजारात मात्र ते मानक पाळायला कोणी लावलं नाही, आणि त्या मोकळीकीत प्रत्येकाने आपापलं कुंपण घातलं.

पुरानंतर वर्षभरात तासगाव तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी आले. त्यांनी लिहिलेला गावाचा इतिहास आम्हीच छापला होता. त्यांच्या घरच्या सगळ्या प्रती वाटून संपल्या होत्या, गावातून मागणी होती, दुसरी आवृत्ती काढायची होती. त्यांनी हातात ठेवलेली प्रत कोणाकडून तरी परत मागून आणलेली, कडा कुरतडलेली. "फाइल तुमच्याकडे असेलच," ते म्हणाले. फाइल होती.

इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा आणि मी ती छापील प्रत एका बाजूला आणि पडद्यावरचा गोंधळ दुसऱ्या बाजूला ठेवून बसलो. पहिल्या पानावर गावाचं नाव मोठ्या टायपात होतं, तिथून सुरुवात. ही खूण म्हणजे अर्धा ग, ही काना. ही पहिली वेलांटी. ती अक्षराच्या आधी येते, कारण पडद्यावर ती आधी दिसते. रफार मात्र पुढच्या अक्षरानंतर. असा एकेक तुकडा जुळवत तक्ता तयार झाला, त्यावरून भाच्याने पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला, आणि खुणांचं युनिकोड झालं. तरी 'सूर्य'मधला रफार आणि 'दुसऱ्या'मधला र यांची सरमिसळ होत राहिली, 'श्र' आणि 'क्ष' काही ठिकाणी फुटले, 'त्र'चा नुसता 'त' राहिला. गुरुजींनी डोळ्यांना भिंग लावून सगळी प्रुफं स्वतः वाचली.

त्या कामात मला सारखं मोडीचं दफ्तर आठवत होतं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने बोरूने लिहिलेला कागद आज मोडी शिकलेला कोणीही मुलगा वाचतो. शाई फिकी पडली असेल, कसर लागली असेल, पण मोडीचं वळण कोणाच्या मालकीचं नाही आणि ते शिकायला कोणाची परवानगी लागत नाही. २०१४ मध्ये युनिकोडमध्येही मोडीला जागा मिळाली. आणि आमची १९९८ ची फाइल वाचायला छापील प्रत शोधावी लागली. ज्या कामांची एकही प्रत उरली नव्हती, त्यातली बरीच आजही तशीच बंद आहेत. त्यात दोन स्मरणिका आहेत, ज्यांत सांगलीच्या जुन्या नटांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून उतरवून घेतलेल्या होत्या. ते नट आता नाहीत.

सरकारी धोरणाबद्दल बोलायचं तर कागदावर फारसं काही बाकी नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्राने भारतीय भाषांच्या ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवलं. २०१० मध्ये खुल्या मानकांचं धोरण आलं. मार्च २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचं धोरण आलं. त्यानुसार सरकारी खरेदीत अशा सॉफ्टवेअरचा विचार आधी करायचा आणि ते नको असेल तर कारण नोंदवायचं. राज्य शासनानेही युनिकोड वापरण्याचे आदेश काढले. तरी आजही एखाद्या कार्यालयाच्या जुन्या आदेशाच्या पीडीएफमधून एक मराठी वाक्य कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा. बऱ्याचदा आमच्या सीडीसारखाच गोंधळ बाहेर पडेल. तो आदेश शोधून सापडत नाही आणि दृष्टिहीन माणसाचा वाचक-प्रोग्रॅम तो वाचू शकत नाही. धोरण आहे, पण निविदेच्या अटींत ते उतरत नाही. तपासणारा कोणी नाही.

२०२५ मध्ये हा विषय एकदम मोठ्या माणसांच्या तोंडी आला. जुलैमध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. गुजरातेत वाडीनारला मोठा तेलशुद्धीकरण कारखाना असलेली, मुंबईतून चालणारी ही कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सेवा नंतर पूर्ववत झाल्या. वर्गणीचे पैसे भरलेले असतानाही ईमेल बंद पडू शकतं, हे त्या निमित्ताने देशाला दिसलं. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या कार्यालयांत झोहो या भारतीय कंपनीच्या सेवा वापरण्याचा जोर वाढला, मंत्र्यांनी तसं जाहीर केलं.

देशी कंपनी वाढावी, यात मला आनंदच आहे. पण माझा अनुभव सांगतो की कंपनी आपली असल्याने आपला मजकूर आपला राहत नाही. झोहोचंही सॉफ्टवेअर मालकी हक्काचंच आहे. याला पर्याय म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. ती चळवळ उभी करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्यांच्या चळवळीने पुढे मांडलेले चार हक्क साधे आहेत: सॉफ्टवेअर हव्या त्या कामाला वापरता यावं, ते कसं चालतं ते बघून बदलता यावं, दुसऱ्याला देता यावं आणि आपण केलेली सुधारणाही वाटता यावी. आमच्या पॅकेजला यातला दुसरा एक हक्क जरी असता, तरी भाच्याला एका संध्याकाळी मांडणीचा तक्ता मिळाला असता. देशी-परदेशी हा प्रश्न नंतरचा.

शाळांपासून सुरुवात करता येते, हे केरळने दाखवलं. तिथल्या सरकारी शाळांचं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं, आणि स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग या स्वयंसेवी गटाने मलयाळमचे सुंदर खुले फॉन्ट तयार केले. आपल्याकडे बऱ्याच सरकारी नोकऱ्यांसाठी एमएस-सीआयटी किंवा तिच्या तोडीची संगणक परीक्षा लागते. त्यात मुलं प्रामुख्याने विंडोज आणि ऑफिस शिकतात. एका कंपनीची बटणं कुठे आहेत हे त्यांना येतं, आणि बटणाची जागा बदलली की ती अडतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा मोफत आधार संपला. चांगले चालणारे कितीतरी संगणक नव्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत म्हणून बाद ठरले. त्यांच्यावर लिनक्स सुरळीत चालतं. आमच्या टायपिंगच्या टेबलावरची यंत्रं तशीच चालू आहेत.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. पानं लावायचा स्क्रायबस हा मुक्त प्रोग्रॅम मराठी जोडाक्षरं नीट दाखवू लागला, त्याला फार वर्षं लागली. ती सोय असलेली स्थिर आवृत्ती २०२४ मध्ये आली. दिवाळी अंकाच्या ऐन घाईत रात्री काही अडलं तर सांगलीत फोन करायला माणूस मिळत नाही. म्हणून रंगीत कामाला आम्ही अजून विकतचं सॉफ्टवेअर वापरतो. मजकूर मात्र त्यात कधीच साठवत नाही. तो लिबरऑफिस या मुक्त प्रोग्रॅमात युनिकोडमध्ये टाइप होतो, तिथेच तपासला जातो, तिथेच राहतो. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये जाते ती त्याची प्रत. आणि हेही लक्षात असू द्या की आपल्या अँड्रॉइड फोनवर जोडाक्षरं जुळवून दाखवणारी हार्फबझ ही मुक्त सॉफ्टवेअरचीच करामत आहे. मराठी आज फोनवर सुखाने नांदते, त्यात जगभरच्या अशा लोकांचा मोठा वाटा आहे.

आता ज्यांच्याकडे जुना मजकूर आहे त्यांनी काय करावं? जुनं पॅकेज जिथे अजून चालू आहे तिथे, ते चालू आहे तोवरच, सगळ्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलणारे प्रोग्रॅम मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार, 'ऱ्या', 'ॲ', पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं माणसाने वाचलीच पाहिजेत. मूळ फाइल फेकू नका, नव्या फाइलीजवळच ठेवा. नुसत्या पीडीएफवर समाधान मानू नका. सोबत साध्या टेक्स्टची किंवा ओडीटी या खुल्या स्वरूपातली फाइल हवी. वर्षातून एकदा ती फाइल दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर, ते पॅकेज नसताना, उघडून बघा. आणि एक छापील प्रत पुराच्या रेषेच्या वर ठेवा.

लेखकांनी पुस्तक छापून झाल्यावर छापखान्याकडून युनिकोड मजकूर मागून घ्यावा. तो तुमचा आहे; द्यायला नकार देणाऱ्या छापखान्यात दुसरं पुस्तक देऊ नका. पतसंस्था, दूध संस्था, बेदाण्याचे आणि हळदीचे अडत व्यापारी हिशेबाचं सॉफ्टवेअर घेताना किंमत विचारतात, शिकवायला माणूस येईल का विचारतात. त्याआधी विचारा की उद्या आम्ही तुम्हाला सोडलं तर सभासदांची सगळी खाती सीएसव्हीसारख्या खुल्या स्वरूपात आम्हाला कशी मिळणार. पैसे देण्याआधी ते समोर करून दाखवायला सांगा. जो दाखवत नाही त्याच्याशी करार करू नका.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या संस्थांच्या संचालकांना, ग्रंथालयांच्या कार्यवाहांना आणि नगरपालिका, जिल्हा परिषदांच्या सदस्यांना माझी विनंती आहे. येत्या सभेत हा विषय पटलावर घ्या आणि छपाईच्या, संगणकीकरणाच्या प्रत्येक निविदेत एक अट घाला: काम संपल्यावर सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणि सर्व माहिती खुल्या स्वरूपात संस्थेच्या ताब्यात द्यावी, ती दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवावी, आणि त्यानंतरच शेवटचं बिल मंजूर होईल. ही अट घालायला मुंबई-दिल्लीच्या नव्या कायद्याची वाट बघावी लागत नाही. तुमच्या सभेचा ठराव पुरेसा आहे.