रात्रीच्या राखणीची थर्मल दुर्बीण : बाहेरची बॅटरी जोडताना काय बघायचं?



शेतीची लाईट रात्रपाळीला आली की मळ्यात जावंच लागतं. शिराळा, वाळवा, कराड, पाटण भागात उसात बिबट्या असतो. डोंगरकडेला गवा आणि रानडुकरांचा त्रास आहे. त्यामुळे काही सभासदांनी थर्मल दुर्बीण घेतली आहे. अंगाच्या उष्णतेवरून ती अंधारातलं जनावर दाखवते. पण आतली बॅटरी रात्रभर पुरत नाही. मग घरात जी सापडेल ती बॅटरी जोडली जाते आणि तिथंच घोटाळा होतो.

*आधी कायद्याचं*
ही दुर्बीण बघण्यासाठी आहे, शिकारीसाठी नाही. बंदुकीवर बसवायचा स्कोप मागवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे बिबट्या आणि गवा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. रानडुकरालाही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

*१) पहिला हिशोब व्होल्टचा*
ठिबकचं उदाहरण घ्या. व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे प्रवाह. दाब जास्त झाला की लॅटरल फुटते, तसं व्होल्ट जास्त झाले की यंत्र जळतं. अँपिअरचं तसं नसतं. यंत्र आपल्याला लागतील तेवढेच ओढतं, त्यामुळे बॅटरीची अँपिअर द्यायची ताकद जास्त असली तरी बिघडत नाही.
दुर्बिणीच्या लेबलवर ‘इनपुट’ बघा. टाईप-सी चार्जिंगच्या बहुतेक दुर्बिणींना ५ व्होल्ट लागतात. फवारणीच्या चार्जिंग पंपाची, मोटारसायकलची आणि ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते. ती चार्जिंगला लावलेली असताना १४ च्या वर जाते. अशी बॅटरी *थेट जोडायची नाही.*

*२) सगळ्यात सोपा मार्ग : पॉवर बँक*
साधी ५ व्होल्टची पॉवर बँक घ्या. तिच्यावर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खरा आहे का ते बघा. बाजारातली बिननावाची, हलकी आणि मोठमोठे आकडे छापलेली पॉवर बँक नको.
किती तास चालेल? समजा दुर्बीण ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेते, म्हणजे २.५ वॅट. १०,००० एमएएच पॉवर बँकेत ३७ वॅट-तास असतात, कारण आतला सेल ३.७ व्होल्टचा असतो. घट जाऊन साधारण ३० हाती येतात. ३० भागिले २.५, म्हणजे १२ तास. बँक जुनी असेल तर ८ तासच धरा.
एक खोच लक्षात ठेवा. यंत्र फार कमी करंट घेत असेल तर काही पॉवर बँका आपोआप बंद होतात. म्हणून पहिली चाचणी घरी, मळ्यात नाही.

*३) पंपाची बॅटरी वापरायचीच असेल तर*
• मध्ये १२ वरून ५ व्होल्ट करणारा चांगल्या कंपनीचा कार चार्जर लावा.
• बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात २ अँपिअरचा फ्यूज लावा. वायर कुठं घासून शॉर्ट झाली तर फ्यूज उडेल, वायर पेटणार नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीला तर फ्यूज नसेल तर वायर लावूच नका.
• १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९६ वॅट-तास असतात. शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नका, नाहीतर ती लवकर मरते.
• चार्जिंग हवेशीर जागी करा. तिथं विडी-काडी नको, कारण चार्जिंगच्या वेळी पेट घेणारा वायू निघतो.

*४) हे करू नका*
❌ झटका मशीनच्या बॅटरीवरून दुर्बीण चालवू नका. बॅटरी उतरली तर रात्री कुंपण बंद पडेल. वायरिंगमध्ये गळती असली तर झटका थेट हातातल्या यंत्रात येईल.
❌ कुंपणात घरची लाईट सोडू नका. त्यात माणूस मरतो, आणि तो गुन्हा आहे.
❌ सुटे लिथियम सेल जोडून घरी पॅक बनवू नका. ‘१८६५०’ सेलवर ९,९०० एमएएच छापलं असेल तर तो आकडा खोटा. चांगला सेल साधारण २,५०० ते ३,५०० चाच असतो.
❌ पॉवर बँक गोठ्यात, कडब्याजवळ किंवा उशाशी चार्जिंगला लावू नका. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.
❌ फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. ती विहिरीत किंवा शेकोटीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

*५) पावसाळ्यात*
दुर्बीण ‘वॉटरप्रूफ’ असली तरी वायर लावताना रबरी झाकण उघडतं, आणि तिथूनच पाणी शिरतं. पॉवर बँक आतल्या खिशात ठेवा. पावसात वायर काढून झाकण बंद करा.

*६) शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट*
थर्मल दुर्बीण दाट पाल्याच्या आरपार बघत नाही. पडद्यावर काही दिसलं नाही म्हणजे उसात काही नाही, असा अर्थ काढू नका. दुर्बीण आणि टॉर्च एकाच बॅटरीवर ठेवू नका. एक बंद पडलं तरी दुसरं चालू पाहिजे. मोबाईलचं चार्जिंगही दुर्बिणीसाठी संपवू नका. रात्री दोघं मिळून जा, बोलत जा. बिबट्या दिसला तर मागं लागू नका, वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाईनवर कळवा.

📷 शंका असली तर दुर्बिणीच्या आणि बॅटरीच्या लेबलचा स्वच्छ फोटो याच नंबरवर पाठवा. जोडण्याआधी पाठवा, जळाल्यावर नको!

हा मेसेज राखणीला जाणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. 🙏