प्रकाश-तलवारीतील दिवे आणि साउंड बोर्ड : जोडणीचा हिशेब

कारागीर बांधवांनो, माझा धंदा कापडाचा आहे, विजेचा नाही. तरीही आज या पानावर एलईडी आणि साउंड बोर्डविषयी लिहीत आहे. कारण या कामात मी नुकसान सोसले आहे आणि सोसलेल्या नुकसानीतून जे शिकायला मिळते ते इतरांना सांगणे बरे.

२०१९ च्या डिसेंबरात एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी काळ्या झग्यांचे कापड माझ्याकडून गेले. त्यासोबत पेटणाऱ्या आणि आवाज करणाऱ्या सहा तलवारींचीही मागणी आली. माझा भाचा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे काम करतो. तो म्हणाला, "मामू, घ्या ऑर्डर, मी करून देतो." रंगीत तालमीच्या दिवशी सहापैकी चार तलवारी विझल्या. तिघींचे दिवे गेले, चौथीचा बोर्डच जळाला. अॅडव्हान्स परत करावा लागला, मालाचा खर्च अंगावर पडला आणि जुने गिऱ्हाईक दुरावले. चूक मोठी नव्हती. काही रुपयांचे रेझिस्टर वाचवले आणि कागदावर हिशेब मांडला नाही, एवढेच.

वस्तू मूळची कोणती?

ही तलवार म्हणजे १९७७ साली आलेल्या जॉर्ज लुकास यांच्या 'स्टार वॉर्स' या अमेरिकन चित्रपटातील लाइटसेबर. मूळ मूठ सेट सजवणारे रॉजर क्रिश्चन यांनी जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांड्यापासून बनवली. तिचा घुमणारा आवाज बेन बर्ट यांनी प्रोजेक्टरच्या मोटरचा गुंजारव आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची घरघर एकत्र करून तयार केला. म्हणजे सुरुवातही टाकाऊ सामान आणि कारागिराची नजर यांतूनच झाली.

आज घरी बनवणारे लोक अॅल्युमिनियमच्या नळीची मूठ आणि पॉलिकार्बोनेट नळीचे पाते करतात. मुठीत लिथियम सेल, छोटा स्पीकर, बटण आणि साउंड बोर्ड बसवतात. बोर्डवरील सेन्सर तलवार फिरली की आवाज बदलतो आणि ठोका बसला की दिवा लखकन चमकवतो.

सेल आणि दिवा यांचे गणित

१८६५० नावाचा सेल १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असतो. त्यावर ३.७ व्होल्ट छापलेले असते, पण पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो. हिशेब नेहमी ४.२ चाच धरावा.

लाल एलईडीला साधारण २.२ व्होल्ट लागतात. निळ्या, हिरव्या व पांढऱ्याला सुमारे ३.२. उरलेले व्होल्ट रेझिस्टरने खायचे असतात. सूत्र सोपे आहे : सेलच्या व्होल्टमधून दिव्याचे व्होल्ट वजा करा आणि दिव्याच्या अँपिअरने भागा. उत्तर ओहममध्ये येते.

एक वॅटचा दिवा ०.३५ अँपिअरचा असतो. निळ्यासाठी ४.२ वजा ३.२ म्हणजे १ व्होल्ट, भागिले ०.३५ म्हणजे सुमारे २.९ ओहम. बाजारात त्यावरचा ३.३ ओहमचा मिळतो, तो घ्यावा. मग दिव्यातून सुमारे ०.३ अँपिअर जातो आणि रेझिस्टरमध्ये ०.३ वॅट उष्णता होते. म्हणून रेझिस्टर १ वॅटचा घ्यावा. पाव वॅटचा जळेल. लाल दिव्यासाठी २ व्होल्ट भागिले ०.३५ म्हणजे ५.७ ओहम. तेथे ६.८ ओहमचा लावावा. त्यात सुमारे ०.६ वॅट उष्णता होते, म्हणून तो २ वॅटचा असावा.

अनेक दिवे कसे जोडावेत?

दिवे एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडले तर व्होल्टची बेरीज होते. दोन निळ्यांना ६.४ व्होल्ट लागतील. आपला सेल ४.२ चा, म्हणून ते पेटणारच नाहीत. एका सेलवर दिवे शेजारी-शेजारी, म्हणजे पॅरललमध्येच, जोडावे लागतात.

आमची चूक येथेच झाली. भाच्याने तीन निळ्या दिव्यांना मिळून एकच रेझिस्टर लावला. हे मला मागाच्या भाषेत समजले. ताण्यातला एक धागा इतरांपेक्षा जास्त ओढलेला असला तर सगळा ताण तोच घेतो आणि तुटतो. मग ताण शेजारच्यावर येतो आणि तोही तुटतो. दिव्यांचे तसेच आहे. एकाच पाकिटातले दिवे तंतोतंत सारखे नसतात. ज्याला किंचित कमी व्होल्ट पुरतात तो जास्त करंट ओढतो. त्याने तो तापतो, आणि तापला की त्याला आणखी कमी व्होल्ट पुरतात, म्हणजे तो आणखी ओढतो. शेवटी तो जातो आणि त्याचा वाटा उरलेल्या दोघांवर पडतो. म्हणून नियम एकच : प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रेझिस्टर.

काही बोर्ड करंट स्वतःच बांधून देतात. अशा बोर्डाला रेझिस्टर लावण्याची पद्धत वेगळी असते. बोर्डासोबतचा कागद वाचल्याशिवाय तार जोडू नये.

बोर्डाला जोडणी

पुष्कळ बोर्ड दिव्याची ऋण बाजू उघडझाप करतात. अशा बोर्डाची जोडणी पुढीलप्रमाणे करावी :

१) सेलच्या धन टोकापासून एक तार घेऊन तिच्या तितक्या शाखा कराव्यात, जितके दिवे आहेत. प्रत्येक शाखेत एक रेझिस्टर आणि पुढे दिव्याचे धन टोक.

२) एकत्र पेटणाऱ्या मुख्य दिव्यांची ऋण टोके जोडून बोर्डाच्या मुख्य दिव्याच्या जागी लावावीत.

३) ठोक्याला चमकणाऱ्या पांढऱ्या दिव्याचे ऋण टोक बोर्डावर त्यासाठी असलेल्या वेगळ्या जागी लावावे.

४) दिव्याचे ऋण टोक थेट सेलच्या ऋणाला कधीही लावू नये. तसे केले तर बटण बंद असले तरी दिवा पेटलेलाच राहतो.

५) स्पीकरच्या दोन्ही तारा फक्त बोर्डालाच जाव्यात. त्यांपैकी एकही सेलच्या ऋणाला किंवा मुठीच्या धातूला लागू देऊ नये. पुष्कळ बोर्डांचा अॅम्प्लिफायर त्यानेच जातो.

आता बेरीज करा. दोन निळे ०.६ अँपिअर घेतात, चमकणारा पांढरा ०.३, मिळून ०.९. बोर्डाच्या प्रत्येक जागेची मर्यादा त्याच्या कागदावर दिलेली असते. आपली बेरीज तिच्यापेक्षा कमीच असावी. जास्त दिवे लावायचे असतील तर मोठ्या क्षमतेचा बोर्ड घ्यावा.

सेल २५०० मिलिअँपिअर-तासाचा असेल तर ०.६ अँपिअरवर कागदावर चार तास निघतात. आवाजाचा खर्च धरून गिऱ्हाईकाला तीनच सांगावेत. सेल उतरू लागला की निळा दिवा लालपेक्षा लवकर मंदावतो, कारण त्याच्याकडे जादा व्होल्ट थोडेच असतात. हा बिघाड नाही, पण आधी सांगितले नाही तर तक्रार येतेच.

सावधगिरी

सेल संरक्षण सर्किट असलेलाच घ्यावा. त्याला थेट सोल्डर करू नये, होल्डर वापरावा. उलटा बसवलेला सेल बोर्ड क्षणात जाळतो. आमची चौथी तलवार अशीच गेली. म्हणून होल्डरवर लाल रंगाने धन खूण करावी. प्रत्येक सांध्यावर श्रिंक नळी चढवावी, कारण मूठ धातूची आहे. एक वॅटचे दिवे अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवावेत, नाहीतर उष्णतेने त्यांचे आयुष्य घटते.

तपासणीचा क्रम असा ठेवावा : आधी प्रत्येक दिवा आपल्या रेझिस्टरसह सेलवर पेटवून मल्टिमीटरने करंट मोजावा. मग बोर्डाला फक्त स्पीकर जोडून आवाज ऐकावा. शेवटी दिवे जोडून अर्धा तास सलग चालवावे आणि हात लावून बघावे. आमची तलवार अर्धा तास चालवली असती तर फजिती दुकानातच झाली असती, शाळेच्या मंचावर नव्हे.

धंद्याची बाजू

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाजवळ मिळते. मात्र 'लाइटसेबर' हे नाव लुकासफिल्म कंपनीचा ट्रेडमार्क आहे. २०१२ पासून ती कंपनी डिस्नेच्या मालकीची आहे. विक्रीच्या मालावर किंवा बिलावर हे नाव घालू नये. 'प्रकाश-तलवार' लिहिले तरी माल विकला जातो.

त्या नुकसानीनंतर भाचा आणि मी एक वही घातली. प्रत्येक कामाचे व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि वॅट तीत आधी लिहिले जातात, मगच सोल्डरची इस्त्री तापते. कापड फाडण्याआधी आपण दोनदा मोजतो. तार जोडण्याआधी एकदा तरी मोजावे, एवढेच सांगणे आहे.