एक जूनचा वाढदिवस

ये, बस इथं. बॅग नंतर भर. तुझ्या आईनं चार डबे काढून ठेवलेत, त्यातले दोन मी गुपचूप मांडणीवर परत ठेवणार आहे. पण आधी कागद बघू. जन्मदाखला कुठंय? झेरॉक्स नको, मूळ दाखव. नाव बरोबर, तारीख बरोबर. आता आधारवरची तारीख मिळव. शाळेच्या दाखल्यावरची मिळव. तिन्हीकडं एकच पाहिजे. एका आकड्याचा फरक असेल तर तिथं फुटबॉलच्या निवड चाचणीत टेबलापलीकडचा माणूस तुझा खेळ बघायच्या आत तुला बाजूला काढतो, आणि त्याचं काही चुकलेलं नसतं.

तू हसतोस, पण माझा वाढदिवस तुम्ही 1 जूनला करता ना? मी जन्मलो पोळ्याच्या आगेमागे, असं माझी आई सांगायची. शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी माझ्याकडं वरून खाली पाहिलं आणि 1 जून ठोकून दिला. आमच्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस त्याच दिवशी. अख्ख्या मराठवाड्यात माझ्या वयाची माणसं मोज, 1 जूनवाले किती निघतात बघ. आमचं त्यात काही अडलं नाही, उलट निवृत्तीच्या वेळी सोय झाली. तुमचं अडतं. फिफानं 2009 पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात पोरांच्या मनगटाचा एमआरआय काढायला सुरुवात केली. हाडाचं टोक जुळून आलंय का, ते त्यात दिसतं. कागद खोटा करता येतो, मनगट नाही. म्हणून कोणी तिथं हळूच म्हणालं, ‘एक वर्ष कमी लावू, पुढं फायदा होईल,’ तर त्याच्याकडं परत बघायचंसुद्धा नाही.

आता वयाचंच दुसरं ऐक, कारण हे तुला कोणी सांगितलेलं नसणार. गट ठरतो तो 1 जानेवारीला. 2017 च्या विश्वचषकाला 1 जानेवारी 2000 किंवा त्यानंतर जन्मलेली पोरं चालत होती. 31 डिसेंबर 1999 चं पोरगं, मग ते कितीही भारी असो, घरी. तुझा जन्म नोव्हेंबरचा. म्हणजे तुझ्या गटात जानेवारीचं पोरगं तुझ्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठं, आणि या वयात दहा महिने म्हणजे एक वीत उंची आणि ओठावर मिसरूड. तू मैदानात शिरशील आणि तुला वाटेल, ही तर बापेमाणसं आहेत. भिऊ नको. त्यांच्याशी खांद्याला खांदा लावायला जाऊ नको. चेंडू यायच्या आधी मान वळवून मागं बघ, पहिल्याच स्पर्शात तो त्यांच्या पायापासून लांब घे आणि सोडून दे. जो पोरगा अंगानं लहान असताना डोक्यानं खेळायला शिकतो, त्याचं अंग दोन वर्षांनी भरतंच. उलट्या बाजूनं मात्र ते होतंच असं नाही, हे मी पीटीच्या तासाला तीस वर्षं पाहिलंय.

अनिकेत जाधवचं नाव तू घेतोस म्हणून त्याचं सांगतो. कोल्हापूरचा, जुलै 2000 चा जन्म. कोल्हापूर म्हणजे शाहू स्टेडियम. पाटाकडील तालीम, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब. तिथं पेठेपेठेत फुटबॉल, मॅच असली की दुकानं ओस. आपल्या जालन्यात काय आहे? बियाणं, लोखंड, मोसंबी. फुटबॉलसाठी कोणी शटर खाली ओढत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घे. एवढ्या फुटबॉलवेड्या गावातून निघूनही त्याला लहान वयात घर सोडावंच लागलं. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहिला, मग पुणे एफसीच्या अकादमीत गेला, आणि तिथून भारताच्या पोरांच्या संघात. म्हणजे गाव कोणतंही असो, घर सोडायची पायरी चुकत नाही. तेव्हा होस्टेलात पहिल्या आठवड्यात रडू आलं तर ते जालन्याचा आहेस म्हणून आलं असं समजू नको. कोल्हापूरच्यालाही येतं. रात्री आलं तर तोंडावर पांघरूण घेऊन रड आणि झोप. फोन मात्र रात्री करायचा नाही, सकाळी करायचा. रात्री केलास तर तुझी आई पहाटेच्या गाडीनं निघेल, ओळखतोस ना तिला.

सतरा वर्षांखालच्या विश्वचषकातली 6 ऑक्टोबर 2017 ची त्याची मॅच तुझ्या बाबानं मला याच खोलीत दाखवली. दिल्लीचं नेहरू स्टेडियम, समोर अमेरिका. त्याच्या तीन आठवडे आधी सरकारनं राज्यातल्या दहा लाख पोरांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळायचं ठरवलं होतं. मी निवृत्त झालेलो, तरी शाळेत गेलो आणि तुला बरोबर नेलं. तू चेंडू हातानं उचलून पळालास, सगळी पोरं तुझ्या मागं. असो. अमेरिकेनं आपल्याला तीन गोल मारले. अनिकेत पुढं एकटा, चेंडू त्याच्यापर्यंत क्वचित पोचायचा. फॉरवर्डचं हे दुखणं लक्षात ठेव. नव्वद मिनिटांत दोनदा-तीनदा पायात चेंडू येतो, आणि त्या दोन-तीन वेळांसाठी बाकीचा सगळा वेळ पळायचं असतं. निवडणारा माणूस नेमकं तेच बघत असतो, चेंडू पायात नसताना तू काय करतोस ते.

पण मला त्या विश्वचषकातली दुसरी मॅच जास्त शिकवून गेली. कोलंबिया. 82 व्या मिनिटाला जीकसन सिंगनं कॉर्नरवर डोक्यानं गोल केला. विश्वचषकात भारताचा पहिला गोल, कोणत्याही वयाच्या फुटबॉल विश्वचषकात. स्टेडियम वेडं झालं, मी इथं खुर्चीतून उठलो, तुझ्या आजीनं विचारलं काय झालं. तिला सांगेपर्यंत कोलंबियानं गोल केला होता. 83 वं मिनिट. एक मिनिट, लेका. आपण 2-1 नं हरलो. माझ्या तीस वर्षांत शाळेच्या पोरांनी खाल्लेले अर्धे गोल असेच, आपण गोल केल्यावर लगेच. तेव्हा तुमच्या संघानं गोल केला की नाचून घे, पण परत येताना तुझा माणूस कुठं उभा आहे ते आधी शोध. आरडाओरडा करून दोघा-चौघांना जागेवर आण. चौदा वर्षांचं पोरगं गोलनंतर हे करताना दिसलं, तर तो गोल कोणी केला हे निवडणारा विसरतो.

आणि रागाचं. ऑगस्ट 2018 मध्ये स्पेनमध्ये कोटिफ नावाच्या स्पर्धेत आपल्या वीस वर्षांखालच्या पोरांनी अर्जेंटिनाला 2-1 नं हरवलं. अर्जेंटिनाच्या पोरांचा गुरू तेव्हा स्कालोनी होता, ज्यानं पुढं मेस्सीला विश्वचषक जिंकून दिला. सगळ्यांना ती मॅच आठवते. कमी लोकांना आठवतं की 54 व्या मिनिटाला अनिकेतला लाल कार्ड मिळालं आणि आपण दहा जणांवर खेळलो. दहा जणांनी दुसरा गोल केला, अन्वर अलीनं, फ्री किकवर. अनिकेतला मी नावं ठेवत नाही, अठरा वर्षांचा पोरगा, समोर अर्जेंटिना. पण विचार कर, आपल्या पोरांचा सगळ्यात मोठा विजय, आणि तो पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानात नाही. तुझा राग मला माहिती आहे, तो तुझ्या बाबाकडून आलाय आणि बाबाकडं माझ्याकडून. कोणी पाय मारला तर बसून बुटाची नाडी सोड आणि परत बांध. तेवढ्या वेळात उतरतो. मी नाडीचा हा इलाज चाळीस पोरांवर करून पाहिलाय.

अन्वरचंही ऐकून घे. त्याच्या हृदयात दोष निघाला, खेळणं थांबवलं, तो कोर्टात गेला, परत खेळला, देशाकडून खेळला. तुला काही झालेलं नाही, पण मी परवा तुझा ईसीजी काढून आणला तो त्याच्यामुळं. कागद फाइलीत मागं लावलाय.

आता आपल्या गावचं. विजय झोल. क्रिकेटवाला आहे म्हणून नाक मुरडू नको. तू जन्मलास त्या हिवाळ्यात त्यानं कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद 451 केल्या. जालन्याचं पोरगं! पुढं एकोणीस वर्षांखालच्या भारताचा कर्णधार झाला. जानेवारी 2014 मध्ये शारजात आशिया कपच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध शंभर धावा त्याच्या आणि शंभर संजू सॅमसनच्या. जिंकलो आपण. महिन्याभरात विश्वचषक, तिथंही झोलच कर्णधार. त्याच्या हाताखाली कोण होतं, ऐक: सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, सर्फराज खान. हे सगळे पुढं मोठ्या भारतीय संघात खेळले. कर्णधार नाही खेळला.

त्याची बॅट कमी पडली असं मी म्हणत नाही, ते म्हणायची माझी लायकीही नाही. मी एवढंच बघतो की पोरांच्या संघाचा शर्ट वयाप्रमाणं मिळतो आणि वय सरलं की उतरतो, कर्णधाराचा असला तरी. दिवाळीला घेतलेले कपडे पुढच्या दिवाळीला आखूड होतात ना, तसं. 2017 च्या फुटबॉल संघातल्या एकवीस पोरांतली किती नावं तुला आज येतात? घरी फोटो लावायला माझी हरकत नाही, मी स्वतः फ्रेम करून आणीन. पण शर्ट मिळाला म्हणून सराव बदलायचा नाही, आणि शर्ट नाही मिळाला म्हणूनही नाही. अनिकेतचंच बघ. विश्वचषक संपला, मग इंडियन ॲरोज, जमशेदपूर, 2020 च्या सुरुवातीला इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्सकडं सरावाला, मग हैदराबाद. 2022 मध्ये हैदराबादनं आयएसएल जिंकली त्या संघात तो होता, आणि त्याच वर्षी मोठ्या संघाचं बोलावणं आलं. विश्वचषकानंतर साडेचार वर्षं. साडेचार वर्षं रोज सकाळी उठायचं असतं, तेव्हा टीव्हीवर कोणी नसतं.

पायाचं सांगतो. तू शिकलास काळ्या मातीवर, उन्हाळ्यात ती दगड होते आणि भेगा पडतात. चेंडू उसळतो, म्हणून तुला चेंडू थोडा उशिरा, पोटरीजवळ दाबायची सवय लागलीय. तिथं गवत किंवा टर्फ असेल. चेंडू सरपटत आणि लवकर येईल. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी अर्धा तास जाऊन भिंत शोध, नुसते पास मार आणि परत घे. डाव्या पायानं मार. तुझा डावा पाय अजून पाहुण्यासारखा आहे.

बोलण्याचं. मणिपूरची पोरं भेटतील पुढं. 2017 च्या संघात एकवीसपैकी आठ मणिपूरची होती, कर्णधार अमरजित धरून. त्यांची हिंदी आणि तुझी हिंदी सारखीच मोडकी, लाजू नको. मैदानावर तीन शब्द पुरतात. ‘मॅन ऑन’ म्हणजे मागं माणूस आला, ‘टर्न’ म्हणजे मोकळं आहे, वळ, ‘टाइम’ म्हणजे घाई नको. हे मोठ्यानं ओरडायचं, घरात ओरडतोस तसं.

आणि कोणी गोड बोलून कागदावर सही मागितली तर थांबायचं. तुझी सही चालत नाही, बाबाची लागते, हे त्यालाही माहीत असतं. एका क्लबात नोंद झाली की दुसरीकडं जायला बदलीची भानगड लागते. एक गृहस्थ मागं आपल्या गल्लीत येऊन स्पेनच्या क्लबाचा करार देतो म्हणत होते, पाच लाखांत. अठरा वर्षांखालच्या पोराची परदेशी क्लबात बदली फिफानंच बंद केलीय, मोजके अपवाद सोडून. मी त्यांना चहा पाजला आणि हा नियम विचारला. चहा अर्धा ठेवून गेले.

आता बूट दाखव. नवे? हे कुठून आणलेस? अरे देवा.

1974 साली मी औरंगाबाद जिल्ह्याकडून चाचणीला गेलो. जालना जिल्हा झाला 1981 ला, त्याआधी आपण त्यांच्यातच. वडिलांनी आदल्या दिवशी नवे बूट घेऊन दिले, कर्ज काढून. मी रात्रभर उशाशी घेऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी विसाव्या मिनिटाला दोन्ही टाचा सोलल्या. मी बाहेर आलो तेव्हा मोजा रक्तानं चिकटला होता, कोणाला दाखवलं नाही. वडिलांना सांगितलं, माझा खेळच कमी पडला. ते बूट मी पुढं चार वर्षं वापरले, फार चांगले होते.

जुने घे. तळ उसवला होता, तो मी दुपारी शिवून आणलाय, बघ, इथं. नवे बॅगेत ठेव आणि तिथं रोज संध्याकाळी खोलीत अर्धा तास घालून फीर, ओले मोजे घालून. नखं कापलीस? आत्ता काप, उद्या सकाळी नको. ट्रॅव्हल्स साडेनऊची आहे. बूट वरच ठेव, तळाशी कोंबू नको.