अजाणता घडलेला अपराध

शास्त्रभाग : लेवीय 5:17-19

नकळत आज्ञा मोडणारा मनुष्यही दोषीच, हा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक आपल्याला कठोर वाटतो. परंतु क्रीडाजगताचा कायदा आजही त्याच पायावर उभा आहे.

तीन वेळा 'महाराष्ट्र केसरी' ठरलेला मुंबईचा मल्ल नरसिंग यादव ह्याच्या नमुन्यात 2016 साली मेथॅन्डिएनोन हे निषिद्ध उत्तेजक आढळले. कोणीतरी कपटाने ते अन्नपाण्यात मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. 1 ऑगस्ट रोजी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या समितीने ते ग्राह्य मानून त्याला मुक्त केले. जागतिक संस्थेने अपील केले आणि 18 ऑगस्ट रोजी, कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओ येथे क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. तज्ज्ञाच्या मते ते प्रमाण एकदोन गोळ्या घेतल्याचे होते, पाण्यात मिसळलेल्या भुकटीचे नव्हे. द्रव्य शरीरात सापडले की नियमभंग सिद्ध होतो. हेतू नव्हता हे खेळाडूनेच दाखवायचे असते.

अंतःकरण देव जाणतो. आपण मंडळीत बसून निवाडा करू नये. (ती खोड आपल्याला फार!) नियमाप्रमाणे लढणाऱ्या मल्लाचा दाखला पौलानेही दिला आहे (2 तीम. 2:5). पण लेवीयात आणखी काही आहे. नकळत चुकलेल्याला तेथे निरपराध म्हटलेले नाही, तसेच हाकलूनही दिलेले नाही. त्याने कळपातील निर्दोष मेंढा याजकाकडे आणावा, म्हणजे त्याला क्षमा होईल. लवादापुढे असा मेंढा नव्हता. नरसिंगने चार वर्षे भोगली आणि 2020 मध्ये तो पुन्हा मॅटवर उतरला.